रविवारी रुसणारी गाडी

किल्ली फिरवली आणि काहीही झालं नाही. काहीही म्हणजे अगदी काहीही. गाडी खोकली नाही, कण्हली नाही, एकदा सुरू होऊन बंदही पडली नाही. दिवे मात्र लागले. वायपरने काचेवरून एक फेरी मारली. हॉर्न तर असा खणखणीत वाजला की वरच्या मजल्यावरून इमारतीच्या सेक्रेटरींनी खिडकीबाहेर डोकं काढलं. चालू होणं सोडून बाकी सगळं करायला गाडी एका पायावर तयार होती. आपल्या ऑफिसातही असे दोघे-तिघे आहेत, हे अंदाजरावांना त्या गडबडीतही आठवलं.

अंदाजराव हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. हवामान खात्यात नोकरी केली की माणसाचं मूळ नाव हळूहळू झिजत जातं. कपडे वाळत घालण्याआधी इमारतीतल्या बायका त्यांच्या खिडकीकडे बघून हसायच्या, एवढंच काय ते त्यांचं सामाजिक स्थान. पण गृहस्थ हाडाचा चौकस. नळाला हवा का येते, फ्रिज रात्री का घुमतो, शेजारचं कुत्रं ठरावीक स्कूटरवरच का भुंकतं, असल्या प्रश्नांवर ते तासन् तास विचार करत बसत. उत्तर नेहमी सापडायचंच असं नाही. पण विचारात खोट नसे.

तर त्या रविवारी गाडी चालू होणं फार गरजेचं होतं. मागच्या सीटवर बाबा बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, घोटून केलेली दाढी, गुडघ्यांवर हात. त्यांना काकांकडे न्यायचं होतं. बाबा आणि काका सख्खे भाऊ, एकाच शहराच्या दोन टोकांना राहणारे, आणि काकू गेल्यापासून एकमेकांशी एक शब्द न बोललेले. भांडण कशावरून झालं ते दोघांपैकी कोणीच सांगत नव्हतं. घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की बाबांचा राग मोठा आणि हट्ट त्याहून मोठा. आणि आता काकांनीच फोन केला होता. मुलीकडे, परदेशात, कायमचं राहायला निघाले होते. महिनाअखेरीस विमान. "त्याला एकदा घेऊन ये," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. बाबांना तयार करता करता अंदाजरावांच्या तोंडाला फेस आला होता. शेवटी बाबा म्हणाले, "तू स्वतः नेणार असशील तर येतो." आणि आता किल्ली फिरत होती आणि गाडी ढिम्म.

सेक्रेटरी खाली आले. इमारतीत कुठलीही गोष्ट बिघडली की ते खाली येत आणि ती गोष्ट त्यांच्या तरुणपणी कशी बिघडत नसे ते सांगत. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, आत बघून मान हलवली आणि ढकलून चालू करा म्हणाले. आताच्या गाड्या ढकललेल्या चालत नाहीत असं अंदाजरावांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि कुठेतरी वाचलेल्या गोष्टीवर त्यांची फार श्रद्धा. त्यावर दोघांची जुंपली. तेवढ्यात बाबा दार उघडून शांतपणे खाली उतरले, "जाऊ दे, गाडीच्याच मनात नाही," म्हणाले आणि वर जाऊन शर्ट बदलून आले.  काकांना फोन करून अंदाजरावांनी गाडी बंद पडल्याचं सांगितलं. काका म्हणाले, "बरं." त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे त्या 'बरं'वरून फोनमधूनही कळत होतं.

सोमवारी सकाळी अंदाजरावांची बायको कामावर निघाली. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. रविवारी सकाळीही तिची पाळी असे, पण गाडी घरी राहावी म्हणून काल ती मैत्रिणीबरोबर गेली होती. तिने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. तिने वर खिडकीकडे पाहिलं. अंदाजराव ब्रश तोंडात धरून उभे होते. तिने नुसता हात हलवला, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नुसत्या हात हलवण्यात काय काय असतं ते अंदाजरावांना चांगलं ठाऊक होतं. संध्याकाळी ती एवढंच म्हणाली की तुम्ही घाईघाईत काहीतरी चुकवत असाल.

मग मेकॅनिक झाला. चालू असलेली गाडी मेकॅनिकला दाखवणं हे तर ताप उतरल्यावर डॉक्टरकडे जाण्यासारखं. त्याने गाडी चार वेळा चालू केली, चार वेळा बंद केली आणि बॅटरीच आहे असं ठामपणे सांगून नवी बॅटरी बसवून दिली. दिवे आणि हॉर्न चालत असताना बॅटरीचा दोष कसा, हे अंदाजरावांनी विचारून पाहिलं. असतं साहेब कधी कधी तसं, म्हणाला. असल्या उत्तरापुढे विज्ञान थांबतं.

दुसरा रविवार उजाडला. या वेळी बाबांचा उत्साह बघण्यासारखा होता. सकाळी लवकर किल्ली घेऊन ते स्वतः खाली गेले, काचा पुसल्या, आतून केरसुणी फिरवली. बायकोने कामावर जाता जाता कौतुकाने सांगितलं की बघा, शेवटी रक्ताचं नातं. बाबा मागे बसले आणि अंदाजराव नव्या बॅटरीच्या भरवशावर शीळ घालत पुढे बसले. किल्ली फिरवली. दिवे लागले, वायपर हलला. गाडी ढिम्म.

आता अंदाजरावांनी विमा कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पॉलिसीत रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीसाठी मोफत मदत होती. पलीकडच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात विचारलं, गाडी कुठल्या रस्त्यावर आहे. अंदाजराव म्हणाले, घरी. बाई म्हणाल्या, मग ती रस्त्यावर बंद पडलेली नाही. अंदाजरावांनी सांगितलं की बंद पडल्यामुळेच ती रस्त्यावर येऊ शकत नाही. बाई म्हणाल्या की त्यांना सगळं समजतंय, पण त्यांच्या यंत्रणेत 'घर' असा पर्यायच नाही. गाडी एकदा फाटकाबाहेर आली की लगेच माणूस पाठवू. हा युक्तिवाद अंदाजरावांना संतापजनक वाटला, पण त्यांच्या स्वतःच्या खात्याचा कारभार याच वळणाचा असल्यामुळे ओळखीचाही वाटला.

म्हणजे गाडी ढकलणं आलंच. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर आठवडाभर जपून ठेवलेलं समाधान पसरलं. पँटची घडी मोडू नये म्हणून अंदाजराव पाय फाकवून ढकलत होते, सेक्रेटरी एका हाताने ढकलत आणि दुसऱ्या हाताने दिशा दाखवत होते. स्टिअरिंगवर बाबा बसले. एकेकाळी त्यांनी कंपनीची जीप चालवली होती, त्यामुळे त्यांच्याच हाती चाक द्यायचं असं ठरलं. गाडी फाटकातून तिरकी होत, एक कुंडी कुस्करत, रस्त्यावर आली. बाबा जरा वेळ आत वाकून काहीतरी चाचपत होते, मग कंबर धरत उतरले.

मदतनीस आला, बसला, किल्ली फिरवली. गाडी सुरू.

अंदाजरावांना वाटलं, आपल्याला कोणीतरी भर चौकात उभं करून कान धरलाय. मदतनीसाने हसू दाबून समजावलं की क्लचच्या पायपट्टीपाशी एक लहानसा स्विच असतो. क्लच शेवटपर्यंत दाबला की तो दाबला जातो आणि मगच गाडी चालू व्हायला परवानगी मिळते. "तुम्ही पूर्ण दाबत नसाल काका," तो म्हणाला. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला. शिवाय काका. सेक्रेटरी शेजारीच उभे होते, म्हणजे संध्याकाळपर्यंत ही बातमी गच्चीपर्यंत जाणार होती. निदान आता तरी काकांकडे जाऊ म्हणून अंदाजरावांनी वळून पाहिलं, तर बाबा वर जाऊन, जेवून, आडवेही झाले होते. काकाही या वेळी झोपतात, उगाच उठवायला नको, पुढच्या रविवारी बघू, असा निरोप त्यांनी बंद दाराआडून दिला.

पुढचा रविवार शेवटचा होता. त्यानंतर काकांचं विमान.

आठवडाभर अंदाजराव झपाटल्यासारखे झाले. ऑफिसात टेबलाखाली डावा पाय दाबून बघत. सहकाऱ्याने पायाला मुंग्या आल्यात का म्हणून विचारलं. रोज संध्याकाळी ते खाली जाऊन गाडीत बसत आणि क्लच अर्धा दाबून, पाऊण दाबून, तळव्याने, टाचेने, चपलेसह आणि चपलेविना प्रयोग करत. अर्धवट दाबला तर गाडी चालू होत नसे, पूर्ण दाबला तर होई. मदतनीस खरं बोलत होता. पण मग रविवारी काय व्हायचं? आपण पूर्णच दाबला होता, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांना दवावर संशय आला, मग हवेतल्या दमटपणावर. शेवटी एका संध्याकाळी हातातला चहा तसाच ठेवून ते उठले. दोन्ही वेळा एक गोष्ट समान होती. बाबा मागच्या सीटवर होते.

बायको म्हणाली, बाबा बसल्याने गाडी बंद कशी पडेल? अंदाजराव म्हणाले, वजन. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं, कुठलीतरी तार ताणली जाते. बायकोने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. पण अंदाजराव मागे हटणारे नव्हते. बाबांच्याच वजनाचा माणूस हवा होता. सेक्रेटरी थोडे कमी भरत होते म्हणून त्यांच्या मांडीवर वीट दिली, आणि दोन जिज्ञासू म्हातारबुवांसमोर प्रयोग झाला. गाडी सुरू झाली. सेक्रेटरींना उजवीकडे सरकवलं, डावीकडे सरकवलं, थोडं उसळायला सांगितलं. सुरूच. सेक्रेटरी वीट घेऊन उतरले आणि म्हणाले की आता तरी मान्य करा, दोष पायात आहे.

गंमत म्हणजे अंदाजरावांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. फक्त कारण साफ चुकलं होतं. त्यांच्या खात्यात हे अधूनमधून होतंच.

तिसऱ्या रविवारी बाबा पुन्हा सकाळी काचा पुसून आले. दाढी करताना हनुवटीवर कापलं होतं, तिथे कापसाचा बोळा. मागे जाऊन बसले, गुडघ्यांवर हात. अंदाजरावांनी देवाचं, विज्ञानाचं आणि मदत केंद्राच्या बाईंचं स्मरण करून क्लच दाबला. सगळ्या ताकदीने. किल्ली फिरवली.

ढिम्म.

पण आठवडाभर पाय कमावलेल्या माणसाला या वेळी एक गोष्ट जाणवली. पट्टी रोजच्या जागी थांबत नव्हती. बोटभर आधीच अडत होती. त्यांच्या अंगावर काटा आला. शास्त्रज्ञांना येतो तसलाच. ते उतरले, उघड्या दारातून गुडघ्यांवर बसले आणि डोकं आत घालून पायपट्ट्यांखाली शिरले. बाहेर राहिलेल्या त्यांच्या अर्ध्या भागाभोवती सेक्रेटरी आणि मंडळी जमली.

इथे अंदाजरावांच्या घराची एक रीत सांगायला हवी. या घरात नव्या वस्तूला हवा लागू देत नसत. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत राही, सोफ्यावर कव्हर आणि कव्हरवर जुनी चादर. गाडीतल्या मूळ गालिच्यावर मळू नये म्हणून रबराची चटई होती, चटई झिजू नये म्हणून तिच्यावर काथ्याचं पायपुसणं, आणि पायपुसणं खराब होऊ नये म्हणून त्याच्यावर टॉवेलचा तुकडा. मूळ गालिचा गाडी घेतल्यापासून कोणी पाहिला नव्हता. एवढ्या थरांत एखादा लहान प्राणी सहज सुखाने राहिला असता. अंदाजरावांनी टॉवेल उचलला, पायपुसणं उचललं. क्लचच्या बरोबर मागे, पायपुसणं आणि चटई यांच्या मधे, चष्म्याची डबी होती. कडक, तपकिरी, एका कोपऱ्यावर पोचा आलेली. ती बाबांची होती. आणि ती तिथे घरंगळलेली नव्हती. आडवी, नीट बसवून ठेवलेली होती.

स्टिअरिंगखालून मान वळवून त्यांनी दोन सीटांच्या फटीतून मागे पाहिलं. बाबा त्यांच्याकडेच बघत होते. नाकावर चष्मा.

"पहिल्या वेळी खरंच चुकून पडली होती," बाबा अगदी हळू म्हणाले. "आदल्या संध्याकाळी पुढे बसून रेडिओ ऐकत होतो ना, तेव्हा. तू वर आल्यावर शोधायला खाली आलो तर तिथे अडकलेली."

"आणि नंतर?"

"नंतर ठेवली."

अंदाजरावांना राग आला. नवी बॅटरी, कुस्करलेली कुंडी, वीट घेऊन उसळणारे सेक्रेटरी आणि तो 'काका' हा शब्द, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. आता उठावं आणि डबी वर धरून चारचौघांत सांगून टाकावं की दोष पायात नाही, असं त्यांना फार वाटलं. त्यांच्या मानेला रग लागली होती. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं की जायचंच नव्हतं तर तसं सांगायचं होतं, एवढी नाटकं कशाला.

"जायचंय रे," बाबा म्हणाले. गुडघ्यांवरचे हात त्यांनी एकमेकांत अडकवले. "तुम्हाला सगळ्यांना वाटतं मी रागावलोय. मी कशाला रागावू? ती गेली त्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात मी त्याला म्हटलं, तुझ्या हलगर्जीपणामुळे गेली. सगळ्यांसमोर नाही, पण म्हटलं. खरंही नव्हतं ते. त्याने रात्र रात्र जागून केलं तिचं." मग म्हणाले, "तो उलटून बोलला असता तर बरं झालं असतं. काहीच बोलला नाही. आता कुठल्या तोंडाने दारात उभा राहू?"

अंदाजराव त्या अवघडलेल्या अवस्थेत तसेच राहिले. इतकी वर्षं ज्याला ते बापाचा हट्ट समजत होते ती लाज होती, हे त्यांना तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं. रोज आपल्या ताटाशेजारी बसून जेवणारा माणूस, आणि आपण फ्रिज का घुमतो याचा विचार करत बसलो.

बाहेरून सेक्रेटरींनी त्यांच्या बुटावर टिचकी मारली आणि काय सापडलं ते विचारलं.

अंदाजरावांनी डबी शर्टाच्या आत सरकवली. चटया पुन्हा नीट पसरल्या. मग ते उलट्या पावली बाहेर आले, उभे राहिले आणि गुडघे झटकत मोठ्याने म्हणाले, "काही नाही. माझंच चुकत होतं. क्लच पूर्ण दाबत नव्हतो मी."

सेक्रेटरींचा चेहरा उजळला. त्यांनी तिथल्या तिथे, सर्वांच्या माहितीसाठी, क्लच कसा दाबावा हे सांगायला सुरुवात केली. टाच कुठे, चवडा कुठे, मांडीचा जोर कसा लावायचा. कोणीतरी म्हणालं, हवामानवाल्यांना दाब कळायला हवा खरं तर. सगळे हसले. अंदाजरावांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा मान डोलावली, एकदा तर सेक्रेटरींच्या सांगण्यावरून पाय उचलून दाखवला. मग गाडीत बसले, क्लच दाबला आणि गाडी सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा मागे खाली मान घालून बसले होते.

दोघं काकांकडे निघाले. सिग्नलला थांबल्यावर एकदा बाबांनी पुढे वाकून अंदाजरावांच्या खांद्यावरचा केर झटकला. खरं म्हणजे तिथे केर नव्हता.

काकांच्या इमारतीत शिरायची गरजच पडली नाही, कारण काका फाटकाबाहेर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले होते आणि अंदाजरावांनी गाडी त्यांच्या पुढ्यातच उभी केली. किती वाळले होते. बाबा उतरले. हात दारावरच राहिला, दार लावायचंही सुचलं नाही. दोघं म्हातारे समोरासमोर उभे.

"तीन रविवार झाले, सकाळी इथे येऊन बसतो," काका म्हणाले. "गाडीला झालं काय होतं?"

अंदाजरावांनी तोंड उघडलं. क्लचचं कारण तयार होतं, सकाळपासून सरावाचंही झालं होतं. पण बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"गाडीला काही झालं नव्हतं," बाबा म्हणाले. "मीच येत नव्हतो. तेव्हा बोललो ते खोटं होतं."

काका काही बोलले नाहीत. पुन्हा काहीच बोलले नाहीत, आणि अंदाजरावांचा जीव टांगणीला लागला. मग काकांनी खुर्ची ओढून बाबांच्या मागे सरकवली आणि त्यांच्या खांद्याला धरून त्यांना बसवलं. "आधी दम खा," ते म्हणाले. "जिना चढायचाय अजून." आणि दुसरी खुर्ची नव्हती म्हणून ते स्वतः शेजारी उकिडवे बसले.